चरबीच्या गाडग्यावरचं शेवटचं पान

गाडग्याचं झाकण बोलत नसतं, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांनी बोलायला हवं होतं त्या दोघींपैकी एक केव्हाच मातीत गेली आणि दुसरीला बोलायची सवय उरलेली नाही. तेव्हा मीच बोलते. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चरबी घ्या आणि आपल्या वाटेने जा.

मी एका कालवडीचं कातडं. माझा पहिला जन्म सात महिन्यांचा होता. त्यातलं एवढंच आठवतं की गवत नेहमी ओलं असायचं आणि पाठीवर माशा बसायच्या. मग सुरी फिरली. दुसरा जन्म लिंकन गावात, टेकडीच्या पायथ्याशी, चर्मपत्रं करणाऱ्यांच्या आळीत झाला. टेकडीवर मोठं चर्च, चर्चमध्ये पोथ्या लिहिणारे कारकून आणि खाली आम्ही, त्यांच्या पोथ्यांची कातडी. वास आमच्याकडे, अक्षरं त्यांच्याकडे. अशी वाटणी होती.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला दुखत नाही. ‘बिचारं कातडं, काय काय सोसलं असेल’ म्हणून हळहळणारे लोक असतात. फुकटची हळहळ आहे ती. चुन्याच्या हौदात आठ दिवस बुडवून ठेवलं की केस आणि दुखणं दोन्ही एकदमच गळून जातं. पुढे माझ्यावर जे जे झालं ते मी पाहिलं. वाटलं काहीच नाही.

हौदातून काढल्यावर माझ्या कडांमध्ये नदीतले बोराएवढे गोटे गुंडाळले, त्या गाठोड्यांच्या गळ्याशी दोऱ्या बांधल्या आणि मला चौकटीवर चहूबाजूंनी ताणलं. दोऱ्या पिळत नेल्या की कातडं डफासारखं वाजू लागतं. वाजलं, की चंद्रकोरीसारखी वाकडी सुरी घेऊन ॲव्हिस पुढे यायची.

कारखाना हॅमोचा. म्हणजे नावाला हॅमोचा. हॅमो सकाळी एकदा डोकावायचा, खाकरायचा आणि दारूच्या गुत्त्याकडे वळायचा. काम करायच्या दोघी. एक त्याची बहीण सबीना, दुसरी ॲव्हिस. सबीना हौदावर, ॲव्हिस चौकटीवर. सबीनाने लग्न केलं नव्हतं. चुन्यात परकर भिजून पायांची सालं निघतात म्हणून ती भावाची विजार घालून हौदात उतरायची. त्यावरून आळीतल्या पुरुषांची रोज करमणूक व्हायची.

“काय सबीनराव, दाढी कधी येणार?”

“तुझी गळाली की लगेच,” सबीना खाली मान घालून म्हणायची. “तेवढीच जागा रिकामी व्हायची वाट बघतेय.”

ॲव्हिसला ते फ्रेंचीण म्हणत. तिची आई रुआन गावची, लोकरीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी दाई म्हणून आलेली. ॲव्हिस आली तेव्हा सहा वर्षांची होती. आई मेली, व्यापारी परत गेला, ही इथेच राहिली. फ्रेंचमध्ये तिला एक अंगाईगीत येत होतं, तेही अर्धं. बाकी बोलणं, शिव्या, शिंकणं सगळं लिंकनचं. पण माणसं फार चिवट असतात. एकदा चिकटवलेलं नाव त्यांना खरवडून काढता येत नाही. कातडं घासणं त्या मानाने सोपं.

आणि कातडं घासायला तिच्यासारखा हात सबंध आळीत नव्हता. पुरुषसुद्धा कबूल करत, अर्थात ती समोर नसताना. “मी डोळे मिटून घासते,” ती म्हणायची, आणि ती नुसती फुशारकी नव्हती. बोटांच्या टोकांनी तिला जाड-पातळ कळायचं. चर्चमधले कारकून चुकलेली, जुनी झालेली पानं परत पाठवत. ती घासून कोरी करायची, वर पाय घासायच्या वजरीसारखा दगड फिरवायचा, खडूची पूड चोळायची, की पान नवं. ॲव्हिसने घासलेल्या पानावर आधी काय होतं हे खुद्द लिहिणाऱ्याला सांगता आलं नसतं.

सबीना अक्षरं शिकली ती त्याच पानांवरून. कुणी शिकवलं नाही. शिकवणार कोण? ती आधी वाचायची, मग ॲव्हिस पुसायची. पहिली दोन वर्षं एकेक अक्षर, मग शब्द. फ्रेंच आणि लॅटिन तिला कळत नव्हतं, पण अधूनमधून कुणा कंटाळलेल्या कारकुनाने कडेला इंग्रजीत काहीबाही खरडलेलं असायचं: हात गारठले, पाव शिळा आहे, मठाधिपती घोरतो. तेवढ्यावर सबीनाचं शिक्षण झालं.

ॲव्हिसला तिने एकच शब्द शिकवला. खडूने मेजावर काढून दाखवला. “हे तू.”

“एवढीशी?” ॲव्हिस म्हणाली.

“ओळीत सगळ्यात मोठी दिसतेस.”

बाकी शिकायला ॲव्हिसने नकार दिला. पुसणाऱ्याने वाचू नये, हात जड होतो, असं तिचं म्हणणं.

सबीना हौदात उभी राहून पोवाडे रचायची. ओळीच्या शेवटी यमक नाही; जुन्या इंग्रज चालीप्रमाणे ओळीच्या आतच अक्षरावर अक्षर आपटायचं, हातोडीसारखं. त्या वर्षी तिच्या डोक्यात एक पोवाडा होता. लिंकनच्या एका लंगड्या तिरंदाजाला राजाचं बोलावणं येतं. त्याची पोरगी एडलिन बापाचं चिलखत चढवते आणि त्याच्या जागी समुद्रापलीकडे फ्रान्सच्या लढाईवर जाते.

“ऐक गं,” सबीना हौदातून ओरडली. मी तेव्हा चौकटीवर होते. “जहाजावर खलाशी विचारतो, काय रे, मिशी कुठाय तुझी? एडलिन म्हणते, घरी ठेवून आलोय, लढाईत मळते.”

ॲव्हिस हसली. सुरी घसरली. माझ्या उजव्या खालच्या अंगाला आधी सुईच्या टोकाएवढं, मग ताण पडताच नाण्याएवढं गोल भोक पडलं.

“मेले! वर्षातलं पहिलं भोक. तुझ्या मिशीपायी.”

“राहू दे,” सबीना जवळ येऊन म्हणाली. तिने भोकातून ॲव्हिसकडे एक डोळा लावला. “हे पान विकायचं नाही. भोकाभोवतीने लिहीन मी.”

अशी मी घरात राहिले. विकण्याजोगी असते तर आज कुठल्या तरी स्तोत्राच्या पोथीत सोन्याची अक्षरं मिरवत बसले असते. असो.

शाई सबीना स्वतः करायची. माजूफळं कुटायची, पावसाच्या पाण्यात भिजत घालायची, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवा खार, आणि डिंक. चर्चमधल्या कारकुनांचं प्रमाण ठरलेलं असतं. सबीनाचं प्रमाण म्हणजे तिची मूठ. हिराकस जास्त झाली की शाई काळीभोर होते, पण कातडं खाते.

“अगं, कमी घाल ती हिराकस,” ॲव्हिस दर वेळी सांगायची. “कातड्यात उतरते ती. उद्या घासायची वेळ आली तर माझा जीव जाईल.”

“माझं कशाला कोण घासतंय?”

“सगळ्यांचं घासावं लागतं कधी ना कधी.”

संध्याकाळी काम संपलं की दोघी चुलीपाशी बसायच्या आणि बदकाच्या चरबीचं गाडगं मध्ये घ्यायच्या. चुन्याने हातांना भेगा पडतात, रक्त येतं. आपल्या हाताला आपण चरबी लावली तर दुसरा हात बुळबुळीत होतो आणि काही धरता येत नाही, म्हणून सबीना ॲव्हिसचे हात चोळायची आणि ॲव्हिस सबीनाचे. बोटाबोटाच्या मधे, नखांच्या मुळाशी, मनगटापर्यंत. चरबी जिरली तरी हात सुटत नसत. दोघी एकाच अंथरुणात झोपत. त्यात आळीला नवल नव्हतं, थंडीत बायका झोपतात तशा. जे नवल होतं ते आळीला दिसलं नाही. मला दिसलं. सांगून काय करू? ज्यांना कळायचं त्यांना हाताच्या चरबीवरूनच कळलं असेल.

थर्स्टन म्हणजे आमच्या पोवाड्याच्या पोथीचं नशीब. चर्चमधला कारकून, शिवाय गावच्या व्यापारी मंडळाच्या मेजवान्यांत पोवाडे वाचून दाखवणारा. आवाज घंटेसारखा. जीव उंदराएवढा. तो कातडी निवडायला आला आणि सबीनाच्या मेजावर लिहिलेली पानं पाहून हसला.

“इंग्रजीत? सबीनाबाई, सरदारांच्या दिवाणखान्यात फ्रेंच चालतं, देवाला लॅटिन लागतं. इंग्रजीत माणूस कुत्रं हाकलतो.”

“म्हणूनच तुझ्याशी बोलायला सोपं जातं,” सबीना म्हणाली.

पण पुढच्याच उन्हाळ्यात राजाने समुद्रापलीकडे मोठी लढाई मारली. चर्चच्या घंटा दोन दिवस वाजत होत्या. आणि ज्या सरदारांना इंग्रजीत मीठ मागता येत नव्हतं त्यांना अचानक इंग्रजीचा उमाळा आला. थर्स्टन धावत खाली आला. “तो पोवाडा पुरा करा. मेजवानीला हवा. फक्त एक सांगा, त्या फ्रेंच बाईचं पुढे काय होतं?”

कारण पोवाड्यात एक फ्रेंच बाई होती. एडलिनला ती एका जळालेल्या गावात सापडते, तापाने फणफणलेली. एडलिन तिला आपल्या तंबूत नेते. बाईला वाटतं हा शिपाई आहे, मग कळतं की नाही, आणि कळल्यावरही ती तंबू सोडत नाही. त्या बाईचं नाव सबीनाने ॲव्हिस ठेवलं होतं.

“मार तिला,” थर्स्टन गेल्यावर आमची ॲव्हिस म्हणाली.

“कुणाला?”

“मला. पोवाड्यातल्या मला. नाहीतर लोक ऐकायचे नाहीत. लढाईचे दिवस आहेत बये. इंग्रज पोरगी आणि फ्रेंच बाई सुखाने नांदल्या म्हणालीस, तर पाव फेकून मारतील, आणि पावावर भागलं तर नशीब.”

“तापाने मारू?”

“तापाने मार. तुझ्या मांडीवर मार. पण मार.”

सबीनाने मेजावरची पानं सारखी केली. “बरं, मारली,” म्हणाली.

त्या आठवड्यात तिने आळीतल्या बायकांना गोळा करून शेवट म्हणून दाखवला. ॲव्हिसला तो पाठ झाला:

*तापली तीन दिवस ॲव्हिस, तंबूत तळमळली,*
*मांडीवर मान मिटली, मूठभर माती मिळाली.*

बायका रडल्या. ॲव्हिसही रडली, आणि मग स्वतःच्या मरणावर रडते म्हणून तिलाच हसू आलं.

आता माझं ऐका, कारण हे मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ॲव्हिस नदीवर कातडी धुवायला गेली तेव्हा सबीनाने मला मेजावर घेतलं. मी शेवटचं पान. तिने दोनदा दाराकडे पाहिलं. मग पिसाची लेखणी बुडवली आणि लिहिलं. जे म्हणून दाखवलं होतं ते नाही. दुसरंच. भोकाभोवतीने वळून, खालपर्यंत. तिची शाई माझ्यात उतरली. चावत उतरली म्हणतात, पण मला काही चावलं नाही. वाळल्यावर तिने मला इतर पानांखाली ठेवलं आणि हात धुतले.

कधीतरी सांगायचं असेल तिच्या मनात. माणसांना वाटतं, सांगायला वेळ आहे.

मेजवानी झालीच नाही. आधी हॅमो गुत्त्यातून येताना पडला तो उठला नाही, आणि त्या वर्षाअखेर मोठी महामारी आली. आळीत बावीस घरं होती, सात उरली. सबीनाच्या काखेत सकाळी गाठ दिसली. संध्याकाळपर्यंत जीभ सुजली. तिसऱ्या दिवशी तिने ॲव्हिसचा हात धरून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. “शेवटचं... पान...”

“हो, ठेवलंय,” ॲव्हिस म्हणाली. “नीट ठेवलंय. ओलं नाही होणार.”

सबीनाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तिला पुरायला खड्डाही वेगळा मिळाला नाही.

त्यानंतर ॲव्हिस रडली असं मी पाहिलं नाही. ती चौकटीवर कातडी ताणायची, घासायची, उतरवायची. घेणारं कुणी नव्हतं तरी घासायची. चुन्यात माणूसही पडत असावं, असं मला तेव्हा वाटलं.

तीन आठवड्यांनी मंडळाचे लोक आले. गावात परके किती उरलेत त्याची यादी करत होते. घरात इंग्रज मालक नाही, मग ही कुणाच्या परवानगीने राहते? तिला टेकडीवर नेऊन उभं केलं. तिथल्या न्यायाधीशाने तिला विचारलं, तू फ्रेंच आहेस का? पण त्याने ते विचारलं फ्रेंचमध्ये, कारण कचेरीची भाषा तीच. ॲव्हिसला कळलंच नाही. तिने इंग्रजीत विचारलं, “काय म्हणतात हे?” आणि अख्ख्या सभेत फ्रेंच न येणारी ती एकटी बाई परकी ठरली. हे मला थर्स्टनच्या तोंडून कळलं. मी यावर काही बोलत नाही. मी जनावर होते.

त्याच दिवशी थर्स्टन खाली आला. महामारीने त्याचेही गाल बसले होते.

“बाई, मी मंडळाला सांगितलंय की लिंकनच्या शौर्याचा पोवाडा या घरात लिहिला गेला. तो मंडळाला भेट दिलात तर घर तुमच्याकडे राहील. मी शब्द टाकतो.”

“घेऊन जा.”

त्याने तिथेच पानं चाळली. माझ्यापाशी आला. ओठ हलवत वाचू लागला आणि मधेच ओठ थांबले. त्याने ॲव्हिसकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. कानाची पाळी लाल झाली त्याची.

“हे शेवटचं पान बदलावं लागेल.”

“काय आहे त्यावर?”

“मरणच आहे,” तो म्हणाला. “तुम्हाला पाठ आहे तेच. पण तापाने मेलेली लोकांना आता ऐकवणार नाही बाई, घरोघरी तेच झालंय. एडलिनच्या तलवारीने मरू दे. दगाबाज निघते, मरते. मग एडलिन शिरस्त्राण उतरवते आणि राजाच्या कप्तानाशी लग्न लावते.”

ॲव्हिसने सुरी उचलली. “मेली ती मेली,” ती म्हणाली. “तापाने काय नि तलवारीने काय. दे इकडे.”

“मी करतो कुणाकडून तरी...”

“या गावात माझ्याहून बरं घासणारं जिवंत कोण आहे?”

तिने मला मांडीवरच्या फळीवर पसरलं, एका कडेला खिळे मारले. आणि मान फिरवली. सबीनाचं अक्षर तिला बघवत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून, बोटांनी चाचपत, तिने मला वरपासून खालपर्यंत घासलं. भोकापाशी सुरी हलकेच वळवली. एक ओळ राहिली नाही. डोळे मिटून घासते म्हणायची, ते त्या दिवशी खरं केलं. थर्स्टन दारात उभा होता. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. तो बोलला नाही.

मला दुखलं नाही, हे सांगितलंच.

थर्स्टनने आपल्या शाईने, चर्चच्या प्रमाणात केलेल्या नेमस्त शाईने, माझ्यावर आपला शेवट लिहिला. घर ॲव्हिसकडे राहिलं. आणि पोवाडा गाजला. दर वर्षी मंडळाच्या मेजवानीत थर्स्टन तो वाचायचा. एडलिन तलवार उपसायची आणि सगळी माणसं मेजावर मुठी आपटत ओरडायची. फ्रेंच बाई मेली, की दारूचं नवं पिंप फुटायचं. ॲव्हिसलाही बोलवायचे, पोवाडा त्या घरचा म्हणून. ती मागच्या बाकावर बसायची, पाव खायची, स्वतःला मरताना ऐकायची.

“काय ॲव्हिसबाई, यंदाही मेलात!” कुणीतरी म्हणायचं.

“सवय झाली,” ती म्हणायची. “पुढच्या वर्षी लवकर मारा, पाय दुखतात बसून.”

लोक हसायचे. असं वीस वर्षं चाललं. गाव बदललं. कचेरीत आता इंग्रजी चालतं म्हणे. तिला मात्र अजून फ्रेंचीणच म्हणतात.

मागच्या शरद ऋतूत थर्स्टन पोथी काखेत मारून खाली आला. दात गेलेले, घंटेला तडा गेलेला. ॲव्हिस आता पासष्टीकडे झुकली होती, तरी चौकटीवरच होती.

“बाई, मंडळ पोथीला नवी बांधणी करतंय. चांदीच्या कड्या लावून चर्चमध्ये ठेवणार. पण शेवटच्या पानाचं काहीतरी करा. डाग पडलेत.”

“कसले डाग?”

“खालचं वर येतंय.”

तिने मला खिडकीच्या उजेडात धरलं. थर्स्टनच्या काळ्या ओळींच्या मधून मधून तपकिरी ओळी उगवल्या होत्या. गंजासारख्या. दर हिवाळ्यात थोड्या थोड्या. सबीनाची शाई माझ्यात जेवढी खोल उतरली होती तेवढं खोल कुणाचीच सुरी गेली नव्हती.

ॲव्हिस आधी रागावली. स्वतःच्या हातावर. “माझं घासलेलं कधी वर आलं नाही,” ती पुटपुटली. मग तिने मला आणखी जवळ धरलं. बोट एका ठिकाणी ठेवलं. मग दुसऱ्या. भोकाच्या वर, भोकाच्या खाली.

“थर्स्टन, हे माझं नाव.”

“असेल. मरता ना तुम्ही त्यात.”

“मला पाठ आहे तो शेवट. दोन ओळींचा. त्यात मी एकदा येते, पहिल्या ओळीत, आणि मरते. इथे तपकिरी ओळींत मी पाच ठिकाणी आहे.” तिने बोट खाली नेलं. “शेवटच्या ओळीत पण आहे. मेलेली बाई शेवटच्या ओळीत काय करतेय?”

थर्स्टन खिडकीबाहेर पाहू लागला.

“वाच.”

“बाई, वीस वर्षं झाली...”

“तेव्हा विचारलं होतं तुला. मरणच आहे म्हणालास. आता वाच. नाहीतर हे पान घेऊन मी टेकडी चढते आणि जो पहिला कारकून भेटेल त्याच्याकडून वाचून घेते, आणि तू काय लपवलंस तेही सांगते.”

तो बाकावर बसला. त्या तडकलेल्या आवाजात, एकेक शब्द उजेडाला लावून, त्याने वाचलं:

*ॲव्हिसचा उतरला ताप, ॲव्हिस उन्हात आली.*
*चिलखत चढलं चुलीमागे, चढू दे गंज त्याला.*
*ॲव्हिसने पेरले पावटे, एडलिनने पाजलं पाणी.*
*दारी दूत दोन राजांचे: कोण तुम्ही, कुणाच्या, कुठल्या?*
*हात हलवत हसली ॲव्हिस: आम्ही ह्या घरच्या.*
*ॲव्हिस म्हातारी झाली. अजून आहे.*

बाहेर कुणाची तरी ढकलगाडी दगडांवरून खडखडत गेली.

“मी घाबरलो होतो,” थर्स्टन म्हणाला. “दोन बायका, आणि त्यातली एक... त्या दिवसांत हे कुणी वाचलं असतं तर घर सोडा, तुम्हाला गावात ठेवलं नसतं. मला वाटलं, कळलंच नाही तर बरं.”

“मीच घासलं,” ॲव्हिस म्हणाली. त्याच्याशी बोलत नव्हती ती. “भिंतीकडे बघून.”

मग ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. वीस वर्षांचं साचलेलं असेल तर आता फुटेल. तिने नुसतं त्या तपकिरी ओळींवरून बोट फिरवलं, कातड्याची जाडी बघतात तसं, आणि म्हणाली,

“शंभरदा सांगितलं होतं तिला, हिराकस कमी घाल. ऐकेल तर शपथ.”

थर्स्टनला तिने एवढंच सांगितलं की उद्या ये. तो गेल्यावर तिने पोथीची शिवण उसवून मला बाहेर काढलं आणि माझ्या जागी एक कोरं, निर्दोष, बिनभोकाचं पान शिवलं. थर्स्टनने त्यावर आपला शेवट पुन्हा लिहिला. ती पोथी आता चांदीच्या कड्या लावून चर्चमध्ये आहे. तिथे ॲव्हिस तलवारीने मरते. मंडळ खूष आहे.

मी इथे आहे. बदकाच्या चरबीच्या गाडग्यावर दोरीने बांधलेली, लिहिलेली बाजू वर. भोकावर तिने मेणाचा ठिपका लावलाय. रोज संध्याकाळी ती दोरी सोडते, चरबी घेते आणि आपले हात आपणच चोळते. मग बुळबुळीत हातांनी मला परत बांधायला तिला फार वेळ लागतो. गाठ दोन-तीनदा सुटते. चिडत नाही. करत राहते. चरबी लागून लागून मी काचेसारखी पारदर्शक होत चाललेय, आणि सबीनाच्या ओळी होत्या त्याहून गडद.

ॲव्हिसला काय वाटतं ते मला सांगता येणार नाही. आम्हा दोघींचं त्या बाबतीत सारखंच आहे. पण बांधून झालं की ती एक बोट शेवटच्या ओळीवर ठेवते. तेवढा एकच शब्द तिला वाचता येतो. तो वाचते आणि उठते.

ती गेल्यावर हे गाडगं कुणाच्या तरी हाती जाईल. आळीतल्या कुणाच्या, किंवा भंगारवाल्याच्या. चरबी संपली की तेलकट झाकण म्हणून मला चुलीत घालाल. घाला. चांगली पेटेन, आणि मला भाजणार नाही. फक्त त्याआधी एकदा खिडकीत नेऊन उजेडासमोर धरा. वाचता येत नसलं तरी हरकत नाही. तपकिरी ओळींत एकच नाव पाच वेळा दिसेल. शेवटच्या ओळीतसुद्धा.